गाडलेल्या कुंड्या

"काठ दिसतोय," मुलगी म्हणाली.

"कुठे?"

"तुमच्या डाव्या हाताशी. त्या जांभळ्या फुलांखाली. मला इथून पायरीवरून दिसतोय, म्हणजे आईला तर दिसेलच."

मास्तरांनी ओंजळभर माती उचलली, कुंडीच्या काठावर पसरली आणि तळव्याने दाबली. मग पुन्हा थोडी. माती कोरडी होती. ती घसरून खाली जाई आणि कुंडीची लालसर कड पुन्हा वर डोकावे. त्यांनी झारीतलं पाणी शिंपडून माती बसवली आणि गुडघ्यांवर सरकत ते पुढच्या कुंडीकडे गेले. ऊन अजून कोवळं होतं, तरी त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. दुपारच्या जेवणाआधी त्यांची बायको हॉस्पिटलातून घरी येणार होती आणि तिच्या नजरेला एकही काठ पडून चालणार नव्हतं.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला डेकोरेटर उरलेल्या कुंड्या टेम्पोतून उतरवत होता. फुललेली झाडं भाड्याने द्यायची, हॉटेलांच्या दारात आणि समारंभांत मांडायची आणि कार्य आटोपलं की उचलून आणायची, हा त्याचा धंदा. हिरवळीत नाहीतर वाफ्यात खड्डे घेऊन तो कुंड्या अख्ख्या गाडून टाकी. वर माती, पालापाचोळा. बघणाऱ्याला वाटावं, बाग इथलीच, वर्षानुवर्षांची.

"मास्तर, एक विचारू?" तो म्हणाला.

"विचार."

"नको, राहू दे."

"विचार म्हटलं ना."

"मागे फुलांच्या प्रदर्शनात चारचौघांत मला काय म्हणाला होतात, आठवतं का? म्हणालात, तुझी बाग म्हणजे कवळी. दिसते छान, मुळं नाहीत."

"म्हणालो असेन."

"माझी बायको अजून हसते त्याला. धंद्यात मला आता कवळीवाला म्हणतात." त्याने हातातली कुंडी खड्ड्यात नीट बसवली. "आता तुम्हीच बसवून घेताय, म्हणून आठवलं."

एरवी मास्तरांनी त्याला सोडलं नसतं. आज ते कुंडीवर माती लोटत राहिले. डेकोरेटरने त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "वहिनींना बरं आहे ना पण?"

"बरं आहे. अशक्तपणा आहे थोडा."

"हां," डेकोरेटर म्हणाला आणि पुढची कुंडी आणायला गेला. त्यानंतर त्याने थट्टा केली नाही.

मास्तर लोकांना बागा आखून देत. घर बांधून झालं, भोवती मोकळी जागा उरली, की बोलावणं येई. शिक्षक ते कधीच नव्हते. कामावरच्या गड्यांनी केव्हातरी मास्तर म्हणायला सुरुवात केली आणि गिऱ्हाइकांनी त्याच्या आधी एक शब्द जोडून थांबामास्तर केलं. कारण जागा पाहिली की त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघे. थांबा. आधी वर्षभर नुसतं बघू. थंडीत ऊन कुठवर येतं, पावसात पाणी कुठे तुंबतं, उन्हाळ्यात कुठली भिंत तापते, वारा कुठल्या कोपऱ्यातून शिरतो, हे सगळं एकदा डोळ्यांखालून गेल्याशिवाय ते जमिनीत काडीसुद्धा रोवत नसत. एका गृहस्थांना मुलीच्या लग्नाआधी घरापुढे हिरवळ हवी होती. मास्तरांनी माती चोळून पाहिली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, लग्न पुढे ढकलता येईल का. त्या गृहस्थांनी दुसरा माणूस बघितला. असे पुष्कळ गेले. जे थांबले त्यांच्या बागा टिकल्या आणि त्यांच्यावर मास्तरांचा संसार चालला.

खरं तर संसार आणि अर्धा धंदाही बायकोनेच चालवला. घरापासून थोड्या अंतरावर त्यांची रोपांची शेड होती. तिथे फांद्या छाटून रोपं करायचं काम तिचं. फांदी कुठे कापायची हे ती पेरावर अंगठा फिरवून ठरवी. मूठभर माती हातात घेतली की झाडाला पाणी कमी होतंय की जास्त, ते न बघता सांगे. शेडमध्ये फुललेलं रोप सहसा नसेच. फुलापर्यंत थांबलं म्हणजे विकायची वेळ गेली. म्हणून तर आज फुलं बाहेरून आणावी लागली होती. आणि ती कितीही नीट गाडली तरी त्या बोटांची मास्तरांना भीती वाटत होती.

घरामागच्या या अंगणात बाग अशी कधीच झाली नव्हती. इथे गिऱ्हाइकांची रोपं उतरत, खताची पोती रचली जात, रिकाम्या कुंड्या एकात एक घालून भिंतीला लावलेल्या असत. उरलेल्या जागेत ती कपडे वाळत घाली. "आपल्या मागे कधी लावायचं?" असं ती पूर्वी विचारायची. "पुढच्या वर्षी," मास्तर म्हणायचे. पुढे तिने विचारणं सोडून दिलं आणि मास्तर ते विसरूनही गेले.

ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मास्तरांना आणि मुलीला बाहेरच्या बोळात बोलावून घेतलं होतं. पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं, ते म्हणाले. करण्यासारखं काही राहिलेलं नाही. घरी न्या, खूश ठेवा. मास्तरांनी विचारलं, किती. नेमकं असं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणाले, पण पावसाळा बघतील असं मला वाटत नाही. तेव्हा उन्हाळा नुकता लागला होता.

मास्तर खाटेशी परत आले तेव्हा ती जागी होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, झालं सगळं नीट. अशक्तपणा जाईल हळूहळू." एवढ्यावर गप्प बसायचं, तर ते पुढे बोलून गेले, "तू फक्त घरी ये. मागची बाग तयार असेल."

ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली होती. मग म्हणाली होती, "बरं." मास्तरांना वाटलं, खूश झाली.

"बाबा, अजून वेळ गेलेली नाही," मुलगी पायरीवरून म्हणाली. आईच्या आजारपणासाठी ती आपलं घर सोडून इथे येऊन राहिली होती आणि दिवसभर उभीच असे. "तिला सांगून टाकू. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"नाही."

"तिला कळणारच आहे. दुसऱ्या कुणी कुंड्या गाडल्या असत्या तर ती हसली असती आणि सोडून दिलं असतं. पण तुम्ही गाडल्यात. तुम्ही घाई केलीत, बाबा. का केली असेल, एवढंच तिला मनाशी विचारावं लागेल."

हे अगदी बरोबर होतं आणि म्हणूनच मास्तरांना राग आला.

"मग कळू द्यायचं नाही," ते म्हणाले. "झारी भरून आण."

टॅक्सीतून उतरल्यावर बायको आत खाटेकडे गेलीच नाही. भिंतीला धरत, थांबत, सरळ मागच्या दाराकडे निघाली.

"आधी जरा पड," मास्तर म्हणाले.

"पडलेच होते की इतके दिवस. बाग तयार आहे म्हणालात ना?"

मुलीने पटकन पायरीवर खुर्ची आणून ठेवली. "खाली उतरू नकोस हं आई. माती ओली आहे, पाय घसरेल." हे वाक्य बापलेकीचं आधीच ठरलेलं होतं आणि ते तसंच, पाठ केल्यासारखं, आलं.

ती खुर्चीत बसली. समोर जांभळी पेटुनिया, तिच्यामागे नारिंगी झिनिया, भिंतीशी पिवळी कर्दळ आणि दूरच्या कोपऱ्यात पांढऱ्या शेवंतीचा ताटवा. मास्तर तिच्या मागे उभे राहिले. त्यांना फुलं दिसत नव्हती. ते फक्त काठ शोधत होते.

"छान झालीय," ती म्हणाली.

"हो ना?"

"ती शेवंती ना तिकडे?"

"शेवंतीच."

"आत्ता, उन्हाळ्यात?"

शेवंती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. डेकोरेटर तिला रोज दुपारनंतर काळ्या कापडाखाली कोंडून ठेवी, म्हणजे झाडाला वाटे थंडी आली. गडबडीत मास्तरांच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर ऋतू सांभाळले त्याने बायकोपुढे उन्हाळ्यात शेवंती मांडली होती.

"नवी जात आहे," ते म्हणाले. "कधीही फुलते म्हणे."

"असं होय," ती म्हणाली. "काय काय निघतं हल्ली."

त्यानंतरचे दिवस मास्तरांनी चोरासारखे काढले. कुंडीतल्या झाडाचं पाणी उन्हात फार लवकर सुकतं. जमिनीत मोकळं वाढणारं झाड दुपार सोसतं, पण यांची पानं सकाळ संपायच्या आत लोंबू लागत. म्हणून उजाडताच ते झारी घेऊन मागे जात, आणि ती दुपारी डोळे मिटून पडली की पुन्हा जात. एखादं झाड हाताबाहेर गेलं तर डेकोरेटरला सांगायचं. तो सकाळी मागच्या गल्लीतून दुसरी कुंडी घेऊन येई आणि घरात तिची चाहूल असली तर पाण्याच्या टाकीमागे उकिडवा बसून राही. एकदा तो तिथेच शिंकला. मास्तरांनी लगेच खोकून घेतलं. आतून तिचा आवाज आला, "ऊन बाधलं का तुम्हाला?" "नाही, धूळ आहे," मास्तर म्हणाले. टाकीमागून डेकोरेटरने हात जोडले.

संध्याकाळी ती पायरीवर बसायची. बोलायची कमी. मास्तर तिच्याशी वाटेल ते बोलत, मध्येच फुलांकडे हात करत आणि तिचा चेहरा बघत. तो चेहरा आता रोज थोडा लहान होत होता. जेवणाचं ताट बहुतेक तसंच परत जाई.

"हे किती दिवस चालवायचं?" मुलीने एकदा त्यांना न्हाणीघराच्या दाराशी गाठलं. "तिला कुणाला काही द्यायचं असेल, कुणाला भेटायचं असेल. तिचे दिवस आहेत ते. तुम्ही ते पाणी घालण्यात घालवताय."

"ती खूश आहे."

"तुम्ही विचारलंत?"

मास्तरांनी झारी उचलली आणि ते बाहेर गेले. विचारायचं तर त्यांना धाडसच होत नव्हतं. लोकांना नाही म्हणण्यात त्यांनी आयुष्य घालवलं, पण घरात तोंड उघडायची वेळ आली की त्यांची जीभ नेहमीच जड व्हायची.

एका दुपारी ते औषधं घेऊन परतले तर खाट रिकामी होती. मागच्या दारात मुलगी उभी होती. केस ओले, हातात टॉवेल. मागे न वळता ती म्हणाली, "मी आंघोळीला गेले होते, बाबा. तेवढ्यात."

बायको वाफ्यात बसली होती. एक पाय दुमडून, एक पसरून, शेडमध्ये बसायची तशी. उजवा हात मनगटापर्यंत मातीत होता आणि मातीखालून ती बोटं गोल फिरवत होती, कुंडीच्या काठाकाठाने.

"या," ती म्हणाली. "बसा."

"अगं, तुझे टाके अजून ओले आहेत. ऊठ आधी."

"टाक्यांचं राहू द्या. बसा म्हटलं ना."

मास्तर हातातल्या औषधांच्या पिशवीसकट मातीत बसले.

"कुणाच्या आहेत? त्या कवळीवाल्याच्या?"

मास्तरांनी मान हलवली.

"वाटलंच. टाकीमागे सकाळी सकाळी कोण शिंकतंय." तिला हसू आलं. हसताना तिने डाव्या हाताने पोट दाबून धरलं. "त्या बिचाऱ्याला चहा तरी द्यायचा होतात. एवढं लपतोय माझ्यासाठी."

मास्तरही हसायला गेले, पण ते जमलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" तिने विचारलं.

"सांगितलं ना तुला. अशक्तपणा..."

"अहो."

एवढंच ती म्हणाली. मास्तर पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"पावसाळा?" तिने विचारलं.

मास्तरांची मान हलली. कशी हलली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही, पण तिला कळलं.

"हं," ती म्हणाली. तिने हात मातीतून बाहेर काढला, तळवा उलटा करून पाहिला आणि नखातली माती दुसऱ्या नखाने काढू लागली.

मुलगी पायरीवर मटकन बसली. "मी सांगणार होते आई. खरंच सांगणार होते."

"तू काय सांगणार. तुझा चेहरा रोज सांगतच होता. लहानपणापासून तुझ्या पोटात काही राहिलंय?"

मास्तर पुटपुटले, "मी काठ नीट झाकले होते."

"झाकले होते की. कुंड्यांवरून नाही कळलं मला. हॉस्पिटलातच कळलं. 'तू घरी ये, बाग तयार असेल.' आजवर तुम्ही कुणाला तयार असेल म्हणालात? लग्नघरच्या माणसाला म्हणाला नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मनापासून खोटं बोलत होतात. आणि माझ्यासाठी एवढी धावपळ कधी केली नव्हतीत. म्हटलं बघू तरी, काय काय करतात."

मास्तरांनी मान खाली घातली. मग आडमुठेपणाने म्हणाले, "फुलं तर खरी आहेत ना. राहू दे."

"खरी आहेत. पण दुसऱ्याच्या कार्याची आहेत. मी पायरीवर बसते आणि मला वाटतं मी कुणाकडे तरी पाहुणी आलेय. आता जेवायला वाढतील, जेवायचं आणि निघायचं. मला नको हे. त्याला सांगा, उचल."

"आणि मग नुसती माती बघत बसणार?"

"लावा ना काहीतरी. लावता येतं ना तुम्हाला?"

"आत्ता लावलेलं..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

"बोला, बोला."

मास्तर कुंडीच्या काठावरची माती सारखी करू लागले.

"आत्ता लावलेलं मला दिसायचं नाही, हेच ना? नाही दिसायचं," ती म्हणाली. "पण लावताना तर दिसेल."

मुलगी उठून आत निघून गेली. स्वयंपाकघरात तिने नळ सोडला आणि तो बराच वेळ सोडलेलाच ठेवला.

"जागा बघितलेली नाही मी," मास्तर अखेर म्हणाले. सबब म्हणून नव्हे, ते खरंच होतं. या अंगणात ऊन कसं फिरतं, पाणी कुठे जातं, त्यांना सांगता आलं नसतं. दिवसाउजेडी ते इथे कधी नसतच.

"मी बघितलीय."

"तू कधी बघितलीस?"

"भांडी घासताना. कपडे वाळत घालताना. तुम्ही लोकांची अंगणं बघत हिंडत होतात, तेव्हा हे कुणी बघायचं? तुम्हाला एक वर्ष लागतं. माझी किती झाली ते तुम्हीच मोजा." तिने हात पुढे केला. "उठवा आता मला. पाय झोपलाय."

दुसऱ्या दिवशी डेकोरेटर पुढच्या दाराने आला. मुलीने त्याला आधी चहा दिला. तो त्याने खाली बघत संपवला आणि कुंड्या उपसायला लागला. सगळ्या गेल्या, तेव्हा अंगणभर गोल खड्डे राहिले. मास्तरांनी ते बुजवले, जमीन कुदळीने हलवली आणि फळी फिरवून सारखी केली. शेवंतीची एक कुंडी तिने ठेवून घेतली.

"ही कशाला?" मास्तरांनी विचारलं. "ही तर फसवून फुलवलेली."

"वरची फुलं फसलीत. बुडाशी फुटवे आलेत ते कुठे फसलेत? त्यांची रोपं होतील. थंडीत फुलतील, आपल्या वेळेला."

मग तिने खुर्ची पायरीवरून खाली, मातीत घ्यायला लावली. मास्तर चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन समोर उभे राहिले. जमिनीवर पांढऱ्या रेघा ओढून बाग आखायची, हे त्यांचं रोजचं काम. आज पहिल्यांदा रेघ कुठे ओढायची ते दुसरं कुणीतरी सांगत होतं.

"तो कोपरा," ती म्हणाली. "थंडीत तेवढ्यातच ऊन येतं, सकाळी. बाकी सगळीकडे घराची सावली. म्हणून शेवंती तिथे."

मास्तरांनी कोपऱ्यात रेघ ओढली.

"एवढी अरुंद नको. माझी शेवंती पसरते. हां, अशी. आता इथे पायरीपाशी पावसात पाणी साचतं, आठवड्यानेसुद्धा जात नाही. मी विटा टाकून जात होते कपड्यांच्या दोरीपर्यंत. तिथे कर्दळ लावा."

"मी म्हणतो, पाण्याला चर काढून देऊ."

"चर काढून पाणी शेजाऱ्याच्या दारात सोडणार का? कर्दळीला पाय ओले चालतात. तीच पिईल."

मास्तरांनी मुकाट्याने रेघ ओढली. तिचं बरोबर होतं. गिऱ्हाइकाला त्यांनी हेच सांगितलं असतं.

"ही भिंत," ती म्हणाली. बोलताना तिला मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागे. "उन्हाळ्यात हिला हात लावता येत नाही आणि रात्रभर तिची धग घरात येते. हिच्यावर वेल हवा. पण थंडीत पानं झडणारा. नाहीतर आहे ते ऊनही अडवेल."

"द्राक्षाचा लावू. शेडमध्ये एक रोप आहे चांगलं. फक्त भिंत झाकायला त्याला चार-पाच वर्षं..."

ते मध्येच अडले. फक्की मुठीतून जमिनीवर सांडत राहिली आणि तिथे एक पांढरा ढीग झाला.

"घेऊ दे की चार-पाच वर्षं," ती म्हणाली. "त्याला कुठे जायचंय? तो चुना उचला, माती करपेल."

मास्तर खाली बसून चुना गोळा करू लागले. ती दुसरीकडे बघत होती. ते उठल्यावरच तिने पुढे सुरुवात केली.

"बाकी कडेकडेने सदाफुली. तिला कुणी बघावं लागत नाही."

"आणि मध्ये?" मास्तरांनी विचारलं. "मध्ये एक डाळिंब लावू. नजर कुठेतरी ठरायला हवी. नाहीतर बाग उघडी दिसते."

"मध्ये काही नको."

"अगं, पण आखणी म्हणून..."

"मध्ये काही नको म्हणते ना. खुर्ची कुठे ठेवणार मग? सकाळी उन्हाळ्यात या बाजूला सावली असते, थंडीत त्या बाजूला ऊन. खुर्ची इकडून तिकडे नेता यायला हवी, मध्ये झाडाला वळसा घालत बसायला नको. तुमचे गुडघे काही सुधारणार नाहीत. आणि नळ पायरीशीच ठेवलाय मी, म्हणजे झारी फार लांब न्यावी लागणार नाही."

मास्तरांनी रेघांकडे पाहिलं. शेवंती, कर्दळ, वेल, सदाफुलीची कड. सगळं त्यांना आता दिसलं. गिऱ्हाइकाच्या बागेत ते सगळ्यात आधी विचारत, इथे बसणार कोण. इथे ते विचारायचं राहिलं होतं आणि ती सकाळपासून तेच सांगत होती.

"दोन खुर्च्या मावायला हव्यात," ते म्हणाले.

"मुलगी आली तर आतून आणेल तिची ती," बायको म्हणाली. "ओढा रेघ. ऊन चढतंय."

त्यांनी रेघ ओढली.

शेवंतीचे फुटवे तिने स्वतः कापायला घेतले. मुलीने तिच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर ओला कागद. पण पातं पेरावर ठेवलं की बोटं हलत. दोन फुटवे वाया गेले तेव्हा तिने पातं मुलीच्या हातात दिलं.

"मला कुठे येतं, आई. तू कधी शिकवलंस?"

"आत्ता शिकवते. पेराच्या खाली, तिरकं. घाबरू नकोस, त्याला दुखत नाही. हळू काय कापतेस, एकदम काप. हं." तिने तो तुकडा अंगठ्याने चाचपला. "धरेल हा. खालची पानं काढ आता. सगळी नको, बापावर गेलीस अगदी, सांगितलं त्याच्या पुढे धावू नकोस."

मास्तर दारातून म्हणाले, "माझ्यावर? मी पुढे धावतो?"

मायलेकी दोघी हसल्या. मास्तरांना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

तुकडे वाळूच्या ट्रेमध्ये सावलीत ठेवले. मुळं धरल्यावर ते कोपऱ्यात जाणार होते. कर्दळीचे कंद मास्तरांनी पायरीपाशी पुरले आणि भिंतीशी द्राक्षाचं रोप लावलं. रोप म्हणजे एक काडी आणि तिला दोन पानं. एवढं झालं तरी अंगण सपाट आणि उघडंच दिसे. लाल माती आणि तिच्यावर पुसट पांढऱ्या रेघा. ती मात्र रोज संध्याकाळी खुर्चीत, पाठीला उशा लावून, कधी नव्हे इतका वेळ बाहेर बसू लागली.

मग तिची धाकटी बहीण भेटायला आली. लांबच्या गावाहून, दोन गाड्या बदलून. मुलीने मागे तिला फोनवर फुलांचं सांगितलेलं होतं. बहीण बोलकी, हौशी. बहिणीचा उतरलेला चेहरा बघून ती क्षणभर कावरीबावरी झाली. मग मोठ्या आवाजात म्हणाली, "चल, आधी तुझी बाग बघू. फोटो काढते सगळे." आणि हातात फोन धरून ती मागच्या दाराने बाहेर आली.

मास्तर भिंतीशी बसून वेलाच्या काडीभोवती पाण्यासाठी आळं करत होते.

"अगं, फुलं कुठायत?" बहिणीने चहूकडे बघितलं. "फोनवर तर सांगत होती, जांभळी काय, पिवळी काय. गेली का सगळी?"

"नाही," ती खुर्चीतून म्हणाली. "अजून यायचीत."

बहिणीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान वर केली नाही. मग ती पायरी उतरली आणि अंगण ओलांडून कोपऱ्याकडे चालत गेली. तिथून थोरली बहीण, घर आणि उन्हातली खुर्ची एकदम फोटोत आली असती.

"थोडी हसतेस का?" तिने फोन डोळ्यांपुढे धरला.

"आधी पाय काढ," खुर्चीतून आवाज आला. "शेवंतीवर उभी आहेस."

बहिणीने चटकन पाय उचलला. खाली नुसती माती होती. तिच्या चपलेखाली एक पांढरी रेघ पुसली गेली होती. ती तशीच, एका पायावर तोल सावरत, त्या मातीकडे बघत राहिली.

"डावीकडून या," मास्तर म्हणाले. त्यांचे हात आळ्यातच होते. "ती वाट आहे."

बहिणीने फोन पिशवीत टाकला. साडी दोन्ही हातांनी थोडी वर उचलली आणि दाटीतून, काही मोडू नये म्हणून चालतात तशी, दोन रेघांच्या मधून एक एक पाऊल जपून टाकत ती खुर्चीकडे आली.